हिरव्या मुखवट्याआडचा शेवटचा : 'मॉर्टल कॉम्बॅट'मधील रेप्टाइल



विषय वाचून तुमच्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाचा माणूस आणि व्हिडिओ गेममधला सरडा, ह्यांचा संबंध काय? तर आमचं म्हणणं साधं आहे. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या मुलांनी एखादं पात्र हाताळलं असेल, त्याच्या रूपाने हरून-जिंकून पाहिलं असेल, तर ते पात्र काय सांगतं हे विचारणं टीकेचं कामच आहे. नाटकातल्या पात्राला विचारतो ते प्रश्न ह्यालाही विचारू. उत्तरं निघाली तर उत्तम. नाही निघाली, तर ती का निघत नाहीत, ह्यातूनही काही कळेल.

प्रथम वस्तुस्थिती. १९९२ साली अमेरिकेत मिडवे कंपनीचा 'मॉर्टल कॉम्बॅट' हा खेळ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर आला. एड बून आणि जॉन टोबायस हे त्याचे दोन मुख्य कर्ते. खऱ्या नटांचं चित्रण करून, त्या प्रतिमा संगणकात उतरवून पात्रं तयार केली होती. खेळणाऱ्याला निवडता येतील अशी पात्रं सात. त्यांत दोन निन्जा, पिवळा स्कॉर्पियन आणि निळा सब-झीरो. दोघांचा नट एकच, डॅनियल पेसिना. पोशाख तोच, उभं राहण्याची ढब तीच, लाथ तीच. फरक रंगाचा आणि एक-दोन खास डावांचा. यंत्राची स्मृती त्या काळी तुटपुंजी होती, त्यामुळे एकाच आकृतीला दुसरा रंग दिला की दुसरं पात्र फुकटात पदरी पडायचं. आणि पिवळा नि निळा एकत्र केले की कोणता रंग होतो, हे चित्रकलेच्या तासाला बसलेलं पोरही सांगेल. हिरवा. तो हिरवा निन्जा म्हणजे रेप्टाइल.

आता बघा, इथेच पहिला तात्त्विक प्रश्न उभा राहतो. लायब्निट्झ ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याचा एक प्रसिद्ध सिद्धान्त आहे. दोन वस्तूंचे सगळेच्या सगळे गुणधर्म सारखे असतील, तर त्या दोन वस्तू नव्हेतच, ती एकच वस्तू. मग हे तीन निन्जा तीन कशामुळे? शरीर एक, नट एक, हालचाल एक. पहिल्या खेळातल्या रेप्टाइलला तर स्वतःचा असा डावही नव्हता. तो स्कॉर्पियनचा दोरीला बांधलेला भाला फेकायचा आणि सब-झीरोसारखा समोरच्याला गोठवायचाही. म्हणजे दुसऱ्याचं शरीर, दुसऱ्यांचे डाव, आणि रंगसुद्धा दोघांच्या रंगांची बेरीज. स्वतःचं म्हणावं असं ह्या पात्रापाशी जन्मतः काहीही नव्हतं.

नावसुद्धा नाही. रेप्टाइल म्हणजे सरपटणारा प्राणी. आपल्या व्याकरणात ज्याला सामान्यनाम म्हणतात, ते ह्याचं विशेषनाम. तुम्ही म्हणाल, स्कॉर्पियन म्हणजे तरी काय, विंचूच ना? खरं आहे. पण स्कॉर्पियन हा विंचू नाही. तो माणूस आहे, आणि विंचू हे त्याने मिरवलेलं बिरुद आहे. आपल्याकडे वाघ म्हणतात कुणाला, तसं. रेप्टाइल मात्र खरोखरच सरपटणाऱ्यांपैकी निघाला. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर इथे व्यक्तीला जातीच्याच नावाने हाक मारली आहे. ज्याला आपण नुसतं त्याच्या जमातीच्या नावाने हाक मारतो, त्याची वेगळी कहाणी आपण ऐकणार नसतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट त्याच्या गुप्ततेची. हा हिरवा निन्जा निवडीच्या पडद्यावर नव्हता. तो यंत्रात दडवलेला होता. मधूनच एखाद्या लढतीआधी पडद्यावर यायचा, एखादं कोडं घालायचा, चंद्राकडे बघ अशा धर्तीचं, आणि गडप व्हायचा. त्याला गाठायच्या अटी तर अजबच. एकट्याने खेळायचं. खोल खड्ड्यावरच्या पुलाच्या दृश्यात लढत यायला हवी. मागच्या चंद्रासमोरून एखादी सावली जायला हवी. दोन्ही फेऱ्या एकही ओरखडा न घेता जिंकायच्या, त्याही बचावाचं बटण एकदाही न दाबता. आणि शेवटी हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला 'फेटॅलिटी' ह्या क्रूर अंतिम डावाने ठार करायचं. एवढं साधलं की तुम्ही त्या खड्ड्याच्या तळाशी, खिळ्यांवर लटकलेल्या प्रेतांच्या मध्ये पोहोचता, आणि तिथे तो उभा असतो.

हे घराघरांत इंटरनेट येण्याआधीचं आहे, बरं का. बहुतेकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं, किंवा मासिकात वाचलं होतं. आपल्या दर्शनांत ज्ञानाची जी साधनं मानली आहेत, त्यांतलं प्रत्यक्ष इथे फार थोड्यांच्या वाट्याला आलं. बाकी सारा कारभार शब्दप्रमाणावर, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावर. शब्दप्रमाणाची पंचाईत अशी की सांगणारा 'आप्त' आहे की थापाड्या, हे कसं ठरवायचं? रेप्टाइलची अफवा खरी निघाली, आणि त्यामुळे पुढच्या सगळ्या अफवांना बळ आलं. यंत्राच्या हिशेबाच्या पानावर कार्यक्रमातल्या चुकांसंबंधीची 'अर्मॅक' अशी एक नोंद होती. तिच्यावरून लाल निन्जाची वावडी उठली. असा निन्जा कुठेही नव्हता. पण लोक इतके शोधत राहिले की १९९५च्या 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३'मध्ये कर्त्यांनी अर्मॅक नावाचा लाल निन्जा खरोखरच बनवला! अफवेने वस्तू निर्माण केली. अशा प्रसंगाचं काय करायचं, हे आमच्या प्रमाणशास्त्राच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

आणखी एक बारकावा. नैयायिकांनी अभाव हाही पदार्थ मानला. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळतं, म्हणजे घटाचा अभाव हा ज्ञानाचा विषय होतो. रेप्टाइल पहिल्या खेळात नेमका असाच वावरतो. तो दिसत नाही, पण तो 'इथे नाही' हे सतत जाणवत राहतं. पुलावर प्रत्येक वेळी नजर चंद्राकडे जाते. उपस्थित पात्रांपेक्षा अनुपस्थित पात्राने दृश्य अधिक व्यापलेलं असणं, हे नाटककारांना साधायला कष्ट पडतात. इथे ते एका रंगबदलाने साधलं. ह्याचं श्रेय कर्त्यांना मनापासून द्यायला हवं.

आता १९९३. 'मॉर्टल कॉम्बॅट २' आला, बारा पात्रं झाली, आणि रेप्टाइल निवडता येऊ लागला. गुपित उघडं झालं, तेव्हा त्याला चरित्र द्यावं लागलं. तो शांग त्सुंग ह्या मांत्रिकाचा अंगरक्षक ठरला. मानवी रूपाच्या आत सरपटणारा प्राणी दडलेला, त्याची जात लाखो वर्षांपूर्वी नामशेष झाली असं मानलं जातं, अशी पार्श्वभूमी मिळाली. त्याला स्वतःचे डाव मिळाले. तोंडातून आम्लाची थुंकी, संथ सरकणारा ऊर्जेचा गोळा, जमिनीलगत घसरत जाणं, आणि अदृश्य होणं. अंतिम डावात तो मुखवटा काढतो, खाली सरड्याचं तोंड असतं, लांब जीभ फेकून तो प्रतिस्पर्ध्याचं डोकं गिळतो.

अदृश्य होण्याकडे जरा थांबून पाहू. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा येते. अंगठी फिरवली की मेंढपाळ अदृश्य होतो, राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य घेतो. प्लेटोचा प्रश्न असा की कुणी पाहत नसेल तर माणूस न्यायाने का वागेल? तिथे अदृश्यता ही सत्तेची किल्ली आहे. रेप्टाइलच्या हाती तीच किल्ली आहे, पण त्याने राज्य घेतलेलं नाही. तो मालकाच्या मागे, अंधारात उभा आहे. कारण अदृश्यतेचा दुसराही एक अर्थ असतो, तो मेंढपाळाला ठाऊक नव्हता, घरकाम करणाऱ्या बाईला ठाऊक असतो. नोकर खोलीत असतो आणि कुणाला दिसत नाही. गंमत म्हणजे खेळातही तो अदृश्य झाला की समोरच्यालाच नव्हे, त्याला चालवणाऱ्यालाही आपला गडी कुठे आहे ह्याचा अंदाजच बांधावा लागतो. दडून राहणारा स्वतःलाही हरवतो, हे एका बटणाने जितकं स्पष्ट कळतं तितकं पानभर मजकुराने कळणार नाही. खेळ हा माध्यम म्हणून काय करू शकतो, ह्याचं हे फार चांगलं उदाहरण आहे.

इथून पुढे कथा वाढत गेली. रेप्टाइलच्या लोकांची झाटेरा नावाची भूमी होती. ती शाओ कान ह्या सम्राटाने जिंकून आपल्या साम्राज्यात गिळली, वंश संपला. रेप्टाइल उरला. आणि उरलेला हा एकटा कुणाची चाकरी करतो? शाओ कानचीच. का? तर कधीतरी तो आपला वंश पुन्हा उभा करून देईल, ह्या आशेवर.

मंडळी, आमच्या मते ह्या पात्राचा गाभा इथे आहे. ज्याने आपलं सर्वस्व नष्ट केलं, त्याच्याचपाशी ते परत द्यायची ताकद आहे, असं ज्याला वाटतं, तो माणूस पळून जाईल कसा? त्याला साखळीने बांधायची गरजच नाही. आशा हीच त्याची साखळी. मालकाने आश्वासन पुरं करायचं नाही आणि नाकारायचंही नाही, एवढी काळजी घेतली की पुरे. मालक बदलत गेले. शांग त्सुंग, शाओ कान, १९९७च्या चौथ्या खेळात शिनॉक, २०१५च्या 'मॉर्टल कॉम्बॅट एक्स'मध्ये कोटाल कान. मधे तर कमालच झाली. २००२च्या 'डेडली अलायन्स'च्या शेवटी त्याला एक ड्रॅगनचं अंडं सापडतं, आणि २००४च्या 'डिसेप्शन'मध्ये ओनागा नावाचा ड्रॅगनराजा त्याच्या शरीराचाच ताबा घेतो. आधी श्रम घेतले, मग इमान घेतलं, शेवटी देहही घेतला. नोकराच्या शोषणाची ही पायरीपायरीची उतरण कर्त्यांनी ठरवून आखली असेल असं आम्ही म्हणत नाही. पण ती तिथे आहे.

ह्या ठिकाणी हेगेलची आठवण होणं अपरिहार्य आहे. १८०७ सालच्या त्याच्या 'फेनॉमेनॉलॉजी'त स्वामी आणि दास ह्यांचं विवेचन आहे. सोप्या शब्दांत सांगतो. दोन जाणिवा समोरासमोर येतात. प्रत्येकीला दुसरीकडून मान्यता हवी असते, 'तू आहेस' हे ऐकायचं असतं. त्यासाठी जिवावर उदार होऊन झुंज होते. पण एकाने दुसऱ्याला ठार मारलं, तर जिंकलेल्याला मान्यता द्यायला कुणी उरतच नाही. म्हणून झुंज मरणाआधी थांबते. एक शरण जातो, दास होतो, दुसरा स्वामी होतो. पुढे कलाटणी मिळते. स्वामी आयतं खातो आणि जिथल्या तिथे राहतो. दास मात्र श्रम करतो, वस्तूंना आकार देतो, आणि आपण घडवलेल्या वस्तूत स्वतःला पाहतो. त्याची जाणीव वाढते.

आता हे 'मॉर्टल कॉम्बॅट'ला लावून पाहा. ह्या खेळाची सगळी ख्याती फेटॅलिटीवर उभी आहे. ह्याच हिंसेवरून डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी तिथे खेळांना वयोगटाचं मानांकन देणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली. त्या वादात रक्ताची फार चर्चा झाली, ती व्हायलाही हवी होती. पण हेगेलच्या दृष्टीने फेटॅलिटीतली खरी अडचण रक्ताची नाही. मान्यता देऊ शकेल असा समोरचाच नाहीसा होतो, ही ती अडचण. जिंकणारा एकटा उभा, पडद्यावर नाव, आणि त्याला 'तू आहेस' म्हणायला कुणी नाही. रेप्टाइलला भेटायची शेवटची अट फेटॅलिटी हीच होती, हे आठवा. एका माणसाला मारल्याशिवाय हा दुसरा दिसतच नाही.

आणि दासाचं काय? हेगेलच्या दासाला श्रमाने वाचवलं. रेप्टाइलचे श्रम कोणते? मारणं, पाळत ठेवणं, मालकाच्या वाटेतला काटा काढणं. ह्या श्रमातून मागे काय उरतं? काही नाही. सुताराच्या हातून खुर्ची उरते. मारेकऱ्याच्या हातून फक्त एक माणूस कमी होतो. ज्या कामात घडवणं नाही, त्यात स्वतःला पाहताही येत नाही. म्हणून तीस वर्षांत मालक चार-पाच बदलले तरी ह्या दासाची जाणीव तसूभर पुढे सरकत नाही. ह्याला आम्ही पात्राचा दोष मानत नाही. त्याला दिलेल्या कामाचा तो परिणाम आहे.

मराठी वाचकाला इथे एक दुवा आपोआप सुचेल. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये खांडववनाच्या दहनाकडे निर्भीडपणे पाहिलं. पराक्रमाची कथा म्हणून आपण जी ऐकत आलो, तिच्यात जळालेल्यांचा हिशेब त्यांनी मांडला. त्या आगीतून वाचलेल्या दोघांची इथे आम्हाला गरज आहे. एक तक्षकाचा मुलगा अश्वसेन. त्याची आई त्या आगीच्या वेळी मारली गेली. तो पुढे कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनावर सूड घ्यायला येतो. म्हणजे महाभारताने त्या नागाला स्मृती दिली, फिर्याद दिली. दुसरा मयासुर. त्याला जीवदान मिळालं, आणि ज्यांनी वन जाळलं त्यांच्यासाठीच त्याने सभा बांधली. म्हणजे तोही रेप्टाइलसारखा जाळणाऱ्यांच्याच सेवेत गेला. पण त्याच्या हातून मयसभा उरली. तिथे जमीन पाण्यासारखी आणि पाणी जमिनीसारखं दिसतं, आणि तिथे दुर्योधन घसरतो, तिथून पुढची कथा घडते. दासाच्या श्रमाने जग बदललं, ते असं.

रेप्टाइलला ना अश्वसेनाचा सूड मिळाला, ना मयासुराची कारागिरी. त्याच्यावर अन्याय झाला हे खेळ सांगतो. पण त्या अन्यायाचं काय करायचं, ह्याची एकही वाट त्याला देत नाही. एकेका पात्राचा शेवट म्हणून दोन-चार ओळींचा मजकूर येतो. त्यात कधी त्याला सत्य कळतं, कधी तो उलटतो. पुढचा खेळ आला की पुन्हा तो कुणाच्या तरी मागे उभा! मालिकेला तो नोकर म्हणूनच हवा आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. हा लढाईचा खेळ आहे, कादंबरी नव्हे. त्याच्याकडून एवढी अपेक्षा का? आमचं उत्तर असं. कर्त्यांनी ह्याला नुसता हिरवा निन्जाच ठेवला असता तर आम्ही काही मागितलं नसतं. चंद्रासमोरची सावली म्हणून तो पूर्ण होता. पण एकदा का तुम्ही म्हणालात, ह्याचा वंश संपवला गेला आणि हा शेवटचा आहे, की तुम्ही एक शब्द उच्चारला, आणि त्या शब्दाला वजन असतं. वंशनाश हा शब्द पोशाखाच्या रंगासारखा वापरता येत नाही.

तो तसा वापरला गेला, ह्याचे दोन पुरावे देतो.

पहिला पुरावा 'शेवटचा' ह्या शब्दाचा. १९९६च्या 'मॉर्टल कॉम्बॅट ट्रिलजी'त, निन्टेन्डो ६४ ह्या यंत्रावरच्या आवृत्तीत, खमेलियन नावाची एक स्त्री निन्जा गुप्त पात्र म्हणून आली. ती रेप्टाइलच्याच वंशाची. आता विचार करा. जो स्वतःला जगातला शेवटचा समजत होता, त्याला आपल्यासारखं दुसरं कुणी आहे हे कळणं, ह्याहून मोठी घटना त्याच्या आयुष्यात कोणती असू शकते? पण ती मालिकेतून जवळजवळ नाहीशीच झाली. २००६च्या 'आर्मगेडन'मध्ये परतली, तीही फक्त वी ह्या यंत्रावरच्या आवृत्तीत. दोघांची भेट हा मालिकेचा कणा होऊ शकला असता, ती एका यंत्रापुरती जादा सोय होऊन राहिली.

दुसरा पुरावा चेहऱ्याचा. सुरुवातीला मुखवट्याआड माणूस होता, निदान तसं दिसत होतं. चौथ्या खेळापासून कातडीवर खवले आले. 'डेडली अलायन्स'पर्यंत तो जवळपास पूर्णच प्राणी झाला. त्यामागे कथेतलं कारण दिलं आहे की आपल्या लोकांपासून दूर राहिल्याने त्याचं मानवी रूप ओसरत चाललं. कल्पना म्हणून ही विलक्षण आहे. समाज तुटला की माणूसपण गळतं, हे ॲरिस्टॉटललाही पटलं असतं. पण परिणाम काय झाला पाहा. त्याचं दुःख जसजसं वाढलं, तसतसा त्याचा चेहरा आपल्याला परका होत गेला. ज्या क्षणी त्याच्याविषयी सहानुभूती वाटायला हवी, नेमक्या त्याच क्षणी तो किळसवाणा करून ठेवला. अन्याय सोसणाऱ्याला आधी कुरूप दाखवायचं आणि मग त्याच्या मरणाचं वाईट वाटू द्यायचं नाही, ही युक्ती व्हिडिओ गेमची नाही, फार जुनी आहे.

चित्रपटांनी तर ही युक्ती थेट उचलली. १९९५च्या चित्रपटात तो सरड्याच्या रूपात येतो, निन्जा होतो, ल्यू कांगशी झुंजतो आणि मरतो. ती लढत चांगली आहे, कीथ कुक हा नट देखणा लढतो. पण पात्राला आतून काही नाही. २०२१च्या चित्रपटात तेवढंही उरलं नाही. तिथे तो अदृश्य होऊन हल्ला करणारं एक जनावर आहे. कानो त्याचं काळीज उपटून काढतो, आणि प्रेक्षकाने टाळी द्यावी अशी अपेक्षा असते. सामान्यनामाचा मुद्दा ध्यानात ठेवा म्हटलं होतं, तो इथे लागतो. नाव जातीचं ठेवलं की व्यक्ती मारताना हात अडखळत नाही.

आता शेवटचा टप्पा. २०१९च्या अकराव्या खेळात रेप्टाइल खेळायला नव्हताच. २०२३ साली नेदररेल्म स्टुडिओने 'मॉर्टल कॉम्बॅट १' ह्या नावाने मालिकेची कथा नव्याने मांडली, त्यात तो परतला. इथे त्याला सायझोथ ह्या नावाने हाक मारतात. तो दिसतो माणसासारखा, आणि हवं तेव्हा सरपटणाऱ्याचं रूप घेतो. त्याला मनुष्यरूप घेता येतं, ह्याच कारणाने त्याच्या लोकांनी त्याला वाळीत टाकलेलं आहे. शांग त्सुंगने त्याचं कुटुंब ओलीस धरलं आहे असं सांगून त्याला राबवलं. मग कळतं की कुटुंबाला त्याने आधीच मारलेलं आहे. तिथे सायझोथ उलटतो, ल्यू कांगच्या बाजूला येतो, त्याला मित्र मिळतात.

ह्या बदलाचं स्वागत करायला हवं, आणि का ते नेमकं सांगायला हवं. पहिलं, त्याला विशेषनाम मिळालं. दुसरं, आशेची साखळी इथे उघड केली. मालकाकडे परत द्यायला काहीच नव्हतं, ज्या आशेवर राबवलं ती पोकळ होती, हे पात्राला कळतं आणि कळल्यावर ते वागणं बदलतं. तीस वर्षं जे घडत नव्हतं ते घडलं. तिसरं, त्याला चेहरा मिळाला. त्यावर दुःख दिसतं, आणि आपण ते वाचू शकतो.

पण एक किंमत मोजली गेली, तीही सांगणं भाग आहे. नव्या कथेत त्याचा वंश संपलेला नाही. त्याचे लोक आहेत, फक्त त्यांनी त्याला नाकारलं आहे. म्हणजे एका संपूर्ण जमातीचा नाश काढून त्या जागी एका कुटुंबाचा खून ठेवला. कुटुंबाचं दुःख आपल्याला लगेच समजतं. एका माणसाने गुन्हा केला, त्याला शिक्षा झाली की हिशेब मिटतो. जमातीच्या नाशाचा हिशेब असा मिटत नाही. तिथे सम्राट दोषी, साम्राज्य दोषी, त्या साम्राज्यात सुखाने राहणारेही थोडेथोडे दोषी. कर्त्यांनी अवघड प्रश्न सोडवला असं म्हणता येणार नाही. त्यांनी तो बदलून सोपा केला. आणि आणखी एक. त्याच्याविषयी सहानुभूती वाटावी म्हणून त्याला आधी माणसासारखा दिसावा लागला. खवल्यांसकट, जीभेसकट, जसा आहे तसा तो आपल्या करुणेला पात्र ठरला नाही. करुणेची मर्यादा चेहऱ्यापाशीच येऊन थांबते का, हा प्रश्न खेळाने विचारला नाही. तो आपण विचारू शकतो.

मग ह्या पात्राचं मूल्यमापन काय करायचं? आमच्या मते मालिकेत ह्याच्याइतकी शक्यता असलेलं दुसरं पात्र नाही, आणि ह्याच्याइतकी शक्यता वाया गेलेलंही दुसरं नाही. पहिल्या खेळातला रेप्टाइल कलेच्या दृष्टीने सर्वांत निर्दोष, कारण तिथे त्याच्याविषयी काहीच सांगितलेलं नव्हतं आणि जे नव्हतं ते आपण भरत होतो. २०२३चा सायझोथ नैतिक दृष्ट्या सर्वांत प्रामाणिक, कारण तिथे त्याला एकदाचं कुणीतरी माणूस म्हणून वागवलं. मधल्या तीस वर्षांतला मात्र ना गूढ आहे ना मोकळा. तो फक्त वाट पाहतो आहे.

तरुण श्रोत्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. हा खेळ खेळू नका, असं आम्ही म्हणत नाही. खेळा. पण हिरव्या निन्जाची निवड करताना एक प्रश्न मनात असू द्या. हा कुणासाठी लढतो आहे? आणि त्याला जे परत मिळेल असं सांगितलं गेलं आहे, ते सांगणाऱ्याकडे खरोखर आहे का? हाच प्रश्न पडद्याबाहेरही विचारायची सवय लागली, तर नाणं वसूल झालं म्हणायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.